चौकशीला ग्रामसभेची परवानगी

राजदीपचं जमत आलेलं लग्न मोडायला निघालं होतं आणि त्यात कुणा शत्रूचा हात नव्हता. जे काही करायचं ते त्यानं स्वतःच, मोठ्या हौसेनं, खडू-फळा घेऊन केलं होतं. शिरपूरला, आदिवासी पाड्यांवर काम करणाऱ्या आपल्या संस्थेच्या ऑफिसात तो चहा पीत बसला असताना जळगावहून आईचा फोन आला.

"राजदीप, खरं खरं सांग. त्या पाड्यावर काय करून ठेवलंय तू?"

"काय झालं आई?"

"धुळ्याचे आधारनाना काल चौकशीला गेले होते तिथं. अख्ख्या गावात तुझ्याबद्दल बोलायला एक माणूस तयार नाही! नाना म्हणतात, चोराबद्दलसुद्धा लोक दोन शब्द बोलतात."

राजदीपच्या हातातला चहा शर्टावर सांडला. आधारनाना म्हणजे शिल्पाचे वडील. नरडाण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, आता रिटायर झाले तरी समोरच्या माणसाला गेटावर अडवल्यासारखं बघायची सवय गेली नव्हती. शिल्पा धुळ्यात लॅब टेक्निशियन. बघण्याच्या कार्यक्रमात घाबरलेल्या राजदीपनं तिला वनहक्क कायदा समजावून सांगितला होता आणि तिनं तो जांभई न देता ऐकला होता, वर दोन प्रश्नही विचारले होते. आधीच्या मुली पोहे संपायच्या आत उठल्या होत्या. तेव्हापासून राजदीपचं कशातच लक्ष नव्हतं.

आता हे टेंभरबर्डीचं प्रकरण असं. सातपुड्याच्या पायथ्याचा हा पावरा आदिवासींचा पाडा. मागे मोठ्या शहरातून काही गोडबोली मंडळी आली, कोणत्या दुखण्यावर कोणती मुळी उगाळतात ते सगळं विचारून घेतलं, फोटो काढले आणि गडप झाली. पुढे त्यांना मुळ्या दाखवणाऱ्या रूपाबाईला स्वतःचं तोंड शिरपूरच्या दुकानात चूर्णाच्या पुडीवर बघायला मिळालं. राजदीपचं रक्त तापलं. त्यानं महिनोन् महिने खपून गावाला शिकवलं की जसं जंगल आपलं, तशी आपली माहितीही आपली. ग्रामसभेनं नियम केला: गावाची आणि गावातल्या माणसाची माहिती ग्रामसभेच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही. राजदीप स्वतः अनोळखी पाहुणा बनून लाडीगोडीनं प्रश्न विचारायचा आणि लोकांकडून नकार द्यायची तालीम करून घ्यायचा. या नियमावर त्यानं पुण्यात भाषणही ठोकलं होतं.

इथवर ठीक होतं. पण "मी काय पाहुणा आहे का?" असं म्हणून त्यानं स्वतःलाही गावचा माणूस म्हणून ठरावात घालून घेतलं होतं. त्या वेळी त्याचा गळा दाटून आला होता. आता तोच गळा अडकला होता.

नानांनी सुरुवात हिलालच्या दुकानापासून केली होती. पाड्यावर घरात पावरी बोलतात, बाहेरच्याशी अहिराणी.

"राजदीप इथंच राहतो ना?"

"कोन इचारी राहिनं?" हिलालनं डोळे बारीक केले.

"मी मुलीचा बाप. मुलगा दारूबिरू पितो का?"

"परवानगी शे का?"

"दारूची?"

"नही, इचारानी."

"अहो भाऊ, एवढं तरी सांगा, त्याचं आधी लग्न झालेलं नाही ना?"

हिलालला नानांची कीव आली. "आठेच फसतस लोके. तुम्ही पहिले सोपा प्रश्न इचारतस, मंग मुळ्या लई जातस." आधी साधं काही विचारून मग मुळ्या घेऊन जाणारे त्यानं पाहिले होते.

नाना घरोघर फिरले. सगळीकडे हसून पाणी मिळालं, माहिती मिळाली नाही. अख्खं गाव एका माणसाला इतकं सांभाळून घेतंय म्हणजे त्याची बायको याच गावात असणार आणि मुलंही असणार, असा हिशेब मांडून नाना धुळ्याला परतले.

राजदीप मोटारसायकल फेकल्यासारखी लावून ग्रामसभेचे अध्यक्ष वना आबांच्या अंगणात शिरला.

"आबा, माझं लग्न मोडतंय! सांगून टाकायचं ना!"

"काय सांगानं?"

"मुलगा चांगला आहे म्हणून!"

"ते खरं शे का नही, ते एकटा मी कसं सांगू?"

"बरं, माहिती माझी आहे ना? मग मी परवानगी देतो."

आबा शांतपणे म्हणाले, "एकटा मानूस घाईमा राहस, लाजस, कोनी गोड बोलनं का फसस. म्हनीसन परवानगी एकटानी नही, बठ्ठा गावनी. हाई कोन शिकाडं?"

"मी," राजदीप जमिनीकडे बघत म्हणाला. मग त्यानं हळूच पेढ्यांचा पुडा पुढे सरकवला.

"खाऊ लई येस तो काहीतरी लई जास," आबा म्हणाले. "हाईबी तूच सांगेल शे." पेढा मात्र त्यांनी खाल्ला.

म्हणजे आता माहिती मागणाऱ्या नानांनीच ग्रामसभेकडे अर्ज करायला हवा होता. हे राजदीपनं फोनवर तीनदा प्रस्तावना करून सांगितलं.

"मुलीच्या बापानं अर्ज करायचा?" नाना कडाडले. "माझ्या हयातीत असं ऐकलं नाही! लग्न राहू द्या तिकडंच!"

पलीकडे थोडी झटापट ऐकू आली आणि शिल्पाचा आवाज आला. "आम्ही रविवारी येतो. सभा बोलवा."

सभा बोलावली, पण मोहाची फुलं पडायचे दिवस. माणसं पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात गेलेली. अर्धं गाव आणि पुरेशा बाया हजर नसतील तर सभा होत नाही, आणि हा आग्रहही राजदीपचाच. मग स्वच्छ पांढरा शर्ट घातलेला नवरदेव या झाडाखालून त्या झाडाखाली फिरू लागला. जो म्हणेल "टोपली भरनी का येस", त्याची टोपली भरून देऊ लागला. दुपारी तो परतला तेव्हा शर्टाचा रंग सांगता येत नव्हता आणि अंगाला मोहाच्या दारूसारखा असा वास येत होता की नानांनी मुलीकडे सूचक नजरेनं पाहिलं.

शाळेच्या ओट्यावर सभा बसली. नानांना मधे बसवलं. राजदीपला कोपऱ्यात बसवून रूपाबाईनं बजावलं, "तू बोलानं नही. तुन्हा समोर कोन खरं सांगी?"

"माहिती कसाले पाहिजे?" वना आबांनी विचारलं.

"मुलगी द्यायची आहे म्हणून!"

"कोन कोन देखी ती माहिती?"

"मी, हिची आई... आणि माझा मेहुणा."

"मेहुणा कोठे शे? तो का नही ऊना?" मागून कुणीतरी विचारलं. मेहुण्याला फोन लावून, स्पीकरवर घेऊन, तो ही माहिती भावकीत वाटणार नाही असं वदवून घेतलं. तेव्हा कुठे हात वर झाले आणि परवानगी मिळाली.

परवानगी मिळताच महिनोन् महिने बांधून ठेवलेलं पाणी फुटावं तशी माहिती फुटली. दारू पीत नाही, एकदाच प्याला होता, तेव्हा रात्रभर बकऱ्यांना कायदा शिकवत होता. भाकरी थापतो ती कोणत्या बाजूनं खायची ते कळत नाही. बेडकाला घाबरतो. बैठकीत दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देत नाही. लग्न झालेलं नाही, होईल असं गावाला वाटतही नव्हतं. राजदीप "अहो" म्हणून उठायचा आणि रूपाबाई त्याला बोटानं खाली बसवायची.

शेवटी तीच म्हणाली, "मन्हा जमिनना कागद ऊना ना, तधय मी नही रडनू, हाऊ रडना. असा मानूस शे." मग पदरानं नाक पुसून तिनं नानांकडे मोर्चा वळवला. "आम्ही बठ्ठं सांगं. आते तुम्ही सांगा. पोर कशी शे? माहिती एकाच बाजूथिन जात नही."

नाना ताडकन उठले. "म्हणजे? माझ्या मुलीची चौकशी?"

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी व्हावी, हे वाक्य तर राजदीपनंच शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतलं होतं आणि नाना नेमके त्याच भिंतीसमोर उभे होते. संपलं सगळं, असं म्हणून त्यानं डोळे मिटले.

"नाना, बसा," शिल्पा म्हणाली. "त्यांचं बरोबर आहे. पण माझी माहिती मी देईन, आणि फक्त बायांना."

बाया तिला घेऊन शाळेच्या मागे गेल्या. तिथून आधी कुजबुज आली, मग हसणं, मग एवढं मोठं हसणं की बाहेर पुरुषमंडळी उगीचच आपापले शर्ट नीट करू लागली. परत आल्या तेव्हा प्रत्येकीच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. शिल्पा मान खाली घालून नानांजवळ बसली.

राजदीप सरकत सरकत रूपाबाईजवळ गेला. "अक्का, काय म्हणाली? होकार का नकार?"

"कसाले पाहिजे ती माहिती?" रूपाबाईनं मोठ्यानं विचारलं. सगळी सभा वळून बघू लागली.

"अक्का, हळू बोला ना!"

"उद्देश सांग. नही तं परवानगी नही. उभा राही सांग."

राजदीप उभा राहिला. एरवी माईक नसला तरी तासभर बोलणारा माणूस, पण आता एक कलम आठवेना. त्यानं नानांकडे पाहिलं, तिथे काही आधार दिसला नाही. मग शिल्पाकडे पाहिलं.

"मला ती आवडते," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून आवडते. नाही म्हणाली तर मला फार वाईट वाटेल. एवढंच. म्हणून पाहिजे."

इतकं लहान भाषण टेंभरबर्डीनं त्याच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. कुणीतरी खोकलं. नानांनी चष्मा काढून उगीच पुसला.

"उद्देश साफ शे," वना आबा म्हणाले. "राजदीपले माहिती देवानी का नही? हात वर करा."

एकेक करत हात वर झाले. हिलालचा झाला, रूपाबाईनं तर दोन्ही वर केले. आबा मोजत मोजत ओट्याच्या टोकाशी आले आणि थांबले. तिथे बांगड्यांचा एक नवा हात वर होता.

"पोरी, तुन्हा हात मोजामा धराव नही," आबा म्हणाले. "तू अजून गावनी नही शे."

"चालेल," शिल्पा म्हणाली, पण हात तिनं खाली घेतला नाही.