धाकटीला पाहून झोपणारा लॅपटॉप

"माझ्या नजरेतून आजवर काहीही सुटलेलं नाही," असं माझे थोरले साडू स्वतःबद्दल सांगतात. "मी पाहतो तेव्हा वस्तू पाहत नाही, वस्तूमागचा हेतू पाहतो. माझा मेंदू दिवसातून दोनदाच विश्रांती घेतो." त्यातली एक विश्रांती दुपारच्या जेवणानंतर असते आणि ती आम्ही सगळ्यांनी पलीकडच्या खोलीतून ऐकलेली आहे.

पोटापाण्यासाठी ते चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. दिवसभर लोकांना दिसेल याची सोय करायची आणि संध्याकाळी लोकांना न दिसणारं आपण पाहायचं, अशी त्यांनी आयुष्याची वाटणी केली आहे. आतापर्यंत त्यांनी हरवलेल्या छत्रीचा माग काढला (छत्री त्यांच्याच काखेत होती, हे घरी आल्यावर बायकोने दाखवलं) आणि इमारतीतलं पाणी चोरणारी टोळी जवळजवळ पकडली. टोळी म्हणजे गच्चीवरचा गळका नळ निघाला. तरीही साडू त्या नळाचा उल्लेख आदराने करतात.

मी त्यांचा मदतनीस. ही नेमणूक मला लग्नाबरोबर मिळाली. तीन बहिणींपैकी थोरली त्यांना दिली, मधली मला, आणि साडूंची पिशवी उचलण्याचं काम कोणी न सांगता माझ्याकडे आलं. एरवी मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. साडूंच्या चुका मी फुकट पाहतो.

ही हकिगत तिसऱ्या बहिणीची, म्हणजे धाकटीची. धाकटी घरी शिवणकाम करते. गेली कित्येक वर्षं ती लोकांच्या पँटी आखूड करते, चेन बदलते, पडद्यांना झालर लावते. हे सगळं करताना तिच्या डोक्यात मात्र वेगळेच कपडे फिरत असतात, आणि ते ती लॅपटॉपवर काढून ठेवते. तिची चित्रं कोणीतरी कोणाला दाखवली आणि एका नाटकमंडळीचा निरोप आला, की नव्या नाटकाचे सगळे पोशाख करायचे आहेत, संध्याकाळी पाच वाजता व्हिडिओवर बोलू, आराखडे तुमच्याच हाताने उलगडून दाखवा.

लॅपटॉप साडूंच्या दुकानातला, निकालात काढलेला. इतका जुना, की त्याच्या मूळ कंपनीने त्याची विचारपूसही सोडून दिली होती. साडूंनी त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली चढवली आणि तो पुन्हा टुणकन उभा राहिला. "फुकट आणि मुक्त!" असं सांगत त्यांनी तो धाकटीला भेट दिला. त्यांच्या आयुष्यात खरोखर यशस्वी झालेलं हे एकमेव काम, म्हणून त्याबद्दल वाईट शब्द ते ऐकून घेत नाहीत.

त्या दुपारी धाकटीचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"थोरले भाऊजी, तो मला पाहून झोपतो."

"कोण? तुझा नवरा?"

"लॅपटॉप हो! हे बसले की दोन-दोन तास मॅच दाखवतो. सासूबाईंना गाणी ऐकवतो. मी बसले की पडदा काळा. मी उठले की पुन्हा उजेड. पाच वाजता मी काय करू?"

साडूंनी फोन ठेवला आणि डोळे मिटले. "पिशवी घे," ते मला म्हणाले. "यंत्र माणूस ओळखायला लागलंय."

धाकटीच्या पुढच्या खोलीत शिवणयंत्र, कापडांचे गठ्ठे, खडू, कात्र्या, आणि खिडकीलगतच्या कापड कापायच्या मोठ्या टेबलावर तो लॅपटॉप. कोपऱ्यातल्या खुर्चीत तिच्या सासूबाई एका कोटाला हेम घालत बसल्या होत्या. धाकटीच्या गळ्यात टेप होती आणि डाव्या मनगटावर, घड्याळाच्या जागी, टाचण्यांचा पट्टा. त्याच्यावरच्या गोल चकतीकडे टाचणी नुसती भिरकावली तरी चिकटून बसते, म्हणून शिवणारी माणसं तो हातातून काढत नाहीत. धाकटी तर त्याच्यासकट जेवते.

"गुन्हा पुन्हा घडवून दाखव," साडू म्हणाले.

धाकटी बसली, दोन्ही हात पुढे घेतले, पडदा काळा. ती हताश होऊन मागे सरली, पडदा उजळला. साडू बसले. त्यांनी स्वतःचं नाव चार वेळा टंकलं, लॅपटॉप टक्क जागा.

"बघितलंत?" धाकटी म्हणाली. "मी याच्या लायकीची नाही, हे यालासुद्धा कळतं."

ती हसत म्हणाली, पण मला ते हसणं आवडलं नाही. हे काम मिळालं नाही तर ती पुन्हा गुमान चेन बदलायला बसेल आणि चित्रं काढणं सोडून देईल, हे मला तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

साडूंनी पहिला निष्कर्ष काढला. "बॅटरी थकली आहे. तू दमलेली बसतेस, तोही दमतो." चार्जर लावला. धाकटी बसली. काळा.

"मग तापला असेल." लॅपटॉप दोऱ्याच्या चार रिळांवर चढवला, खालून वारा खेळावा म्हणून. धाकटी बसली. काळा. शिवाय रिळं घरंगळली आणि मला टेबलाखाली जावं लागलं.

"कर्नलचा दोष," साडू टेबलावर बोट आपटत म्हणाले. "सगळं त्याच्याच हुकमाने चालतं."

सासूबाईंनी सुईतून नजर वर केली. "निवृत्त झालाय की नोकरीत आहे?"

"मावशी, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा."

"असेल. पण मग हुकूम फक्त आमच्या सुनेलाच का?"

हा प्रश्न चांगला होता, म्हणून साडूंनी तो ऐकला नाही. त्यांनी जुना कर्नल निवडून लॅपटॉप नव्याने सुरू केला. जुन्या कर्नलनेही धाकटीची गय केली नाही. मग साडूंनी यंत्राच्या नोंदींची काळी खिडकी उघडली. हे दृश्य त्यांना फार आवडतं, कारण त्यातल्या पांढऱ्या ओळी भराभरा वर सरकतात आणि बघणाऱ्याला वाटतं की काहीतरी चाललंय. ओळी थांबल्यावर मी माझ्या सवयीने वाचायला लागलो.

"साडू, हा दर वेळी एकच लिहितोय. झाकण बंद झालं, म्हणून झोपलो. झाकण उघडलं, म्हणून उठलो."

"झाकण तर उघडंच होतं!"

"हो. पण हा म्हणतोय बंद झालं."

साडूंचा चेहरा उजळला. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर नळ सापडला तेव्हाही पाहिला नव्हता. "खोटी साक्ष! झाकण सताड उघडं आणि यंत्र सांगतंय बंद. याचा अर्थ कोणीतरी त्याला फितवलं आहे."

"साडू, फितवण्याइतका वेळ कोणाला आहे?"

त्यांनी हळूच सासूबाईंकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"मावशी, प्रत्येक गुन्ह्याच्या वेळी तुम्ही याच खोलीत होता. खरं ना?"

"मी सकाळपासून याच खुर्चीत आहे."

"सून नाटकवाल्यांकडे जाणार, घरकाम तुमच्या अंगावर पडणार. तुम्हाला हे नको असणार."

सासूबाईंनी दाताने दोरा तोडला. "अहो, तिने या कामाला नाही म्हटलं होतं. तिला पाचला बोलायला बस म्हणणारी मीच. हा कोट कोणाचा आहे माहितीय? तिने आज हाती घेतलेली सगळी कामं मी उरकतेय, तिला पाचला मोकळं राहता यावं म्हणून. आता सरका, उजेड अडवताय."

साडू सरकले. माझी मान खाली गेली. धाकटीने सासूबाईंकडे पाहिलं आणि डोळे पुसले.

घड्याळ पुढे पळत होतं. साडूंनी नाडीचा एक तुकडा कापून घेतला आणि लॅपटॉपचं झाकण खिडकीच्या गजाला करकचून बांधलं, म्हणजे त्याला बंद व्हायची मुभाच नको. धाकटी बसली. काळा. झाकण गजाला बांधलेलं आणि लॅपटॉप शपथेवर सांगतोय की मी बंद आहे.

"मी बसतो आणि तू फक्त बोल," मी सुचवलं.

"नको, धाकटे भाऊजी." तिचा आवाज चिडका झाला होता. "आयुष्यभर दुसऱ्यांनी शिवलेलं मी आखूड केलं. हे माझं आहे. हे मीच दाखवणार."

मग साडूंना सुचलं. "एका हाताने टंकून बघ. उजव्या."

तिने उजव्या हाताने टंकलं. लॅपटॉप जागा! तिने डावा हात पुढे घेतला. काळा.

मला वाटलं, आता सुटलं. इथून पुढे दुसरी-तिसरीतलं पोरही वाट चुकलं नसतं. साडू चुकले.

"डाव्या हाताच्या घामात क्षार जास्त आहेत," ते गंभीरपणे म्हणाले. "जा, साबणाने धू."

धाकटीने पट्टा न काढता बोटं स्वच्छ धुतली, पुसली, बसली. काळा.

"दुसरा साबण आहे का घरात?"

"आता पुरे हं!" सासूबाई उठल्या. "पोरीला धुऊन काढाल. काय गं, तुझ्याकडचा तो पट्टा दे इकडे. माझ्या टाचण्या संपल्या आणि तू काही आत्ता टाचत नाहीयेस." त्यांनी धाकटीच्या मनगटावरून पट्टा सोडवून घेतला.

धाकटीने कंटाळून दोन्ही हात पुढे टेकवले. लॅपटॉप जागा राहिला. तिने एक आराखडा उघडला, फिरवला, मोठा केला. जागा.

"साबण!" साडू ओरडले. "दुसऱ्या धुण्याची गरजच नव्हती, गुण यायला जरा वेळ लागतो!"

सासूबाईंनी पट्ट्यातल्या दोन टाचण्या काढून कोटाला लावल्या आणि जवळ दुसरी जागा नव्हती म्हणून तो पट्टा लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला. पडदा काळा. त्यांनी उचलला. उजेड. ठेवला. काळा. त्यांना गंमत वाटली असावी, कारण त्यांनी ते आणखी दोनदा केलं.

"याच्या पोटात टाचणी आहे का हो?" त्यांनी मला विचारलं.

मी कपाळावर हात मारला. चकतीत लोहचुंबक आहे, नाहीतर टाचण्या हवेतून येऊन चिकटतील कशाला? आणि लॅपटॉपच्या झाकणातही एक चुंबक असतो. तो खाली आला की आतल्या बटणाला कळतं, झाकण लागलं, आता झोपा. धाकटीचा डावा हात नेमका त्या बटणावर यायचा. बिचाऱ्या लॅपटॉपने सुरुवातीपासून खरं सांगितलं होतं आणि आम्ही त्याला गजाला बांधून घातलं होतं.

"मी याच निष्कर्षाकडे येत होतो," साडू म्हणाले.

"कोणत्या बाजूने?" मी विचारलं.

एवढ्यात लॅपटॉप वाजायला लागला. पाच वाजले होते. सासूबाईंनी पट्टा मुठीत घट्ट धरला आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. धाकटीने केस मागे सारले. मनगट मोकळं पडल्यामुळे तिला हात कुठे ठेवावा कळत नव्हतं.

पडद्यावर नाटकाच्या दिग्दर्शक बाई आल्या. चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं तोडून टाकल्यासारखं. धाकटीने आराखडे दाखवले. बाई नुसत्या "हं" म्हणत होत्या. त्या "हं"चा अर्थ काही लागेना.

"चित्रं चांगली आहेत," शेवटी त्या म्हणाल्या. "चित्रं सगळ्यांचीच चांगली असतात. माझ्या नाटकात एक फौजदार आहे. त्याला काही म्हणजे काही कळत नाही, पण रंगमंचावर आला की लोकांना आधी वाटलं पाहिजे, आला बाबा कर्तबगार माणूस. मग हळूहळू हसू आलं पाहिजे. हे कोटाने कसं कराल?"

नेमके त्याच क्षणी साडू तिच्या पाठीमागून गेले. प्रकरण उलगडल्यावर ते येरझारा घालतात. हात मागे, हनुवटी वर, छाती पुढे.

धाकटीने त्यांना पडद्यावरच्या आपल्या चौकटीत पाहिलं आणि ती बोलायला लागली. "खांदे अंगापेक्षा जरा बाहेर काढायचे, म्हणजे माणूस दारातून आत येतो तेव्हा भरलेला दिसतो. पहिलं बटण छातीवर ताणून बसेल एवढंच कापड द्यायचं. उभा असेपर्यंत रुबाब. पण खाली काही उचलायला वाकला की पाठीमागचा घेर बदकासारखा वर उडाला पाहिजे. कॉलर उंच ठेवायची. म्हणजे बाजूला बघायचं तर त्याला सगळं अंग वळवावं लागेल, आणि शेजारी पडलेली वस्तू त्याला कधीच दिसणार नाही."

दिग्दर्शक बाईंनी चष्मा वर केला. "हे तुम्ही आत्ता रचलंत?"

"नाही," धाकटी म्हणाली. "आज दुपारभर पाहिलं."

बाई हसल्या. हसतच राहिल्या. मग म्हणाल्या, "काम तुमचं. सगळे पोशाख. फौजदाराचा कोट आधी करा, तो मला तालमीला हवाय."

पडदा विझला, या वेळी सगळ्यांच्या मर्जीने. धाकटी सासूबाईंच्या गळ्यात पडली आणि दोघी एकदमच हसल्या आणि रडल्या. मलाही भरून आलं, ते लपवायला मी टेबलाखालची रिळं गोळा करू लागलो.

साडूंनी खाकरून घसा साफ केला. "फौजदाराचा कोट, काय? कर्तबगार माणसाचा? मग माप माझंच घे. अंगकाठी तीच आहे."

धाकटीने गळ्यातली टेप काढली. साडू ताठ उभे राहिले, नजर दूर कुठेतरी, पोट आत, छाती फुगवून पार हनुवटीपर्यंत.

"भाऊजी, श्वास सोडा," ती म्हणाली. "तेवढं कापड नाहीये."