दगडूभाईंची बदकं

नरपडमध्ये कुणाकडे बारसं असलं की दोन गोष्टी आधी ठरतात: पाळणा कुठे बांधायचा आणि दगडूभाईंना कळू द्यायचं नाही. ते तरीही येतातच. पाळण्यात वाकून बघतात, चष्मा कपाळावर सारतात आणि बाळाच्या बापाच्या तोंडावर सांगतात, "जगत नाय."

त्यांची चिकूची वाडी आमच्या वाडीला लागून. मधे कुंपण, तेही मोडकं, त्यामुळे या भविष्याचा पहिला मान आमचा. मी लावलेलं आंब्याचं कलम, आमची गाभण म्हैस, नवी मोटरसायकल, सगळ्यांना एकच निकाल. भूकंपाच्या धक्क्यांनी सगळा डहाणू-तलासरीचा मुलूख अंगणात येऊन बसला, त्या हिवाळ्यात आमच्या नव्या घराकडे बघून हे म्हणाले, "ऱ्हात नाय." माझी मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्मली होती, मूठभर जीव. तिलाही त्यांनी सोडलं नव्हतं. तेव्हा आईने केरसुणी उचलली होती. "तुझी जीभ झडो मेल्या!"

घर उभं आहे. म्हैस दूध देते. मुलगी तर त्यांच्याच झाडावरचे चिकू चोरते. भविष्य सांगण्यात इतका नापास माणूस उभ्या तालुक्यात सापडायचा नाही.

बदकं खरी त्यांच्या बायकोची, सुमनकाकींची. काकी गेल्या आणि मागे बदकं राहिली. दगडूभाई त्यांना शिव्या देत देत भात कालवून घालायचे. एकेक करून तीही कमी झाली. धक्क्यांच्याच हिवाळ्यात शेवटची मादी मुंगसाने धरली आणि तिची अंडी तेवढी उरली. मग स्वारी आमच्या दारात हजर, आईकडे खुडूक कोंबडी मागायला.

"अंडी फुटतील ना?" आईने विचारलं.

"जगत नाय," म्हणत कोंबडी काखेत मारून ते गेले.

पण अंडी फुटली. पिवळी धमक पिल्लं बाहेर आली आणि दगडूभाई माणसांतून उठले. त्यांनी दाढी करणं सोडलं. धक्का बसला की आम्ही बाहेर धावायचो आणि हे घरात धावायचे, पिल्लांची टोपली धरायला.

एका सकाळी कोंबडीचा आरडाओरडा ऐकून मी आणि आई कुंपण ओलांडून गेलो. दगडूभाईंनी पिल्लं हौदात सोडली होती. बदकाचं पिल्लू म्हटल्यावर पाण्यातच सोडणार, आणखी कुठे? कोंबडी काठावरून जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि हे टाळ्या पिटत होते.

"बघ, कशी पोहतात! तुझ्या काकीचा सगळा कबिला परत आला! जगतील रे, सगळी जगतील!"

असलं शुभ बोलणं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

"काढ ती बाहेर!" आई ओरडली. बदकीण आपल्या अंगचं तेल पिल्लांच्या लवेला लावते, म्हणून ती भिजत नाहीत. कोंबडी बिचारी ते तेल कुठून आणणार? आम्ही पिल्लं भराभर काढली, पण ती चिंब झाली होती. गारठ्याने माना टाकायला लागली.

गोणपाट झालं, बल्ब झाला, चुलीची ऊब झाली. काही उपयोग झाला नाही. एकेक पिल्लू जायचं, दगडूभाई ते चिकूच्या आळ्यात पुरून यायचे आणि पुन्हा चुलीपाशी बसायचे. ऊन कलेपर्यंत एकच उरलं. ते त्यांनी बंडीच्या आत छातीशी धरलं.

"पाण्याने गारठली हो," मी म्हणालो. "तुम्हाला तरी काय माहीत असणार?"

"पाण्याने नाय. मी बोललो म्हणून." ते चुलीकडेच बघत होते. "माझ्या आधीची भावंडं जगली नाय. म्हणून माझं नाव दगडू. बघणाऱ्याला वाटावं, दगड आहे, नेऊन काय करायचाय. तसा मी ऱ्हायलो. सगळं ठाऊक होतं मला. तरी वलसाडच्या दवाखान्यात तुझ्या काकीचा ताप उतरला, तर मी येईल त्याला सांगत सुटलो, आता जगते म्हणून. दुसऱ्या दिवशी गेली. आज परत तेच केलं."

मला आमची केरसुणी आठवली. पाळण्यातली मूठभर मुलगी आठवली. ज्या माणसाला आम्ही दारातून हाकलत होतो, तो आमच्या दारातून मरणाला हाकलत होता. मला रडू आवरेना.

बंडीतून पिल्लाची मान बाहेर लोंबली. दगडूभाईंनी ती बोटाने हळूच वर धरली.

"माझ्या बोलण्यात आता काय राम नाय," ते म्हणाले. "तू बोल."

मी वाकून पिल्लाकडे पाहिलं. "जगत नाय," कसंबसं म्हणालो.

"मोठ्याने बोल रे. लांबवर ऐकू गेलं पाहिजे."

आई उठली. पदर खोचून दारात उभी राहिली आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "जगत नाय मेलं! मुळीच जगत नाय!"