अकराव्या प्रकरणाची झबली

मागच्या वरांड्यात बादलीची कडी खणकन वाजली.

दुपारचे सव्वादोन झाले होते. कांताची पाच वर्षांची मुलगी रमा झोपली होती, नळाचं पाणी गेलं होतं, सेक्टरातली सगळी दारं उन्हामुळे बंद होती. एवढ्या शांततेत तो आवाज चांगलाच मोठा वाटला. पण तिने मान वर केली नाही. तिच्या कादंबरीची नायिका सुलोचना त्याच क्षणी आपल्या रिकाम्या खोलीत एकटी बसली होती आणि तिथे काहीतरी व्हायलाच हवं होतं. म्हणून उठून बघण्याऐवजी कांताने लिहिलं : 'कुठेतरी बादलीची कडी वाजली आणि सुलोचनाच्या काळजात चर्र झालं.'

"कांता, कपडा नेऊन राहिली वं!" बाहेरून शेजारच्या गिरजाबाई ओरडल्या.

"न्या मावशी!" कांता म्हणाली आणि 'चर्र'खाली एक रेघ ओढली. छान जमलं होतं.

कपडा म्हणजे ट्रेसिंगचा कपडा. कांताचा नवरा देवाजी भिलाईच्या नव्या पोलाद कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होता. खळ लावून काचेसारख्या चकचकीत केलेल्या कापडावर तो दिवसभर भट्ट्यांचे नकाशे उतरवायचा. बिघडलेले तुकडे साहेब घरी न्यायला देत. ते गरम पाण्यात भिजवले की खळ निघून जायची, तिच्याबरोबर नकाशाची काळी शाईही जायची, आणि हातात असं मऊ कापड यायचं की नागपूरच्या दुकानातही मिळायचं नाही. पहिली भट्टी पेटून वर्ष झालं होतं आणि तेवढ्यात क्वार्टरांच्या त्या ओळीत जन्मलेल्या प्रत्येक पोराचं पहिलं झबलं ट्रेसिंगच्या कपड्याचंच होतं.

कांता मात्र ते न धुता त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहायची. कारण सोपं होतं. तिने आधी कागदावर लिहून पाहिलं होतं. पहिल्या प्रकरणाच्या रमाने होड्या केल्या आणि दुसरं तर अर्धं खाल्लं. कापड फाटत नाही आणि पोरं ते खातही नाहीत. एकेक प्रकरण कापडावर पुरं झालं की मग फुलस्केपवर त्याची पक्की प्रत. नागपूरच्या एका मासिकाने नव्या लेखिकांसाठी कादंबरीची स्पर्धा ठेवली होती आणि शनिवारच्या टपालाने बाड गेलं नाही तर ते मुदतीत पोचणार नव्हतं. आज मंगळवार. दहावं प्रकरण, मध्ये नवी वाक्यं घालत घालत, उतरवून होत आलं होतं. अकरावं, म्हणजे शेवटचं, कापडावर तयार होतं. पाच तुकडे, गाठोड्यात बांधून, पेटीत.

पेटीत ते नव्हतं, हे कांताला गुरुवारी कळलं.

"रमे, पेटीतलं गाठोडं कुठी गेलं?"

"थे माही बाहुली होती," रमा म्हणाली. "मी तिले वरांड्यात झोपवलं, मंग मी उठली तं गिरजाआजी तिले नेऊन राहिली होती."

"अन् तू काई बोलली नाई?"

"मी सांगाले आली होती. तू म्हनली, चूप बस, सुलोचना रडून राहिली."

कांता वरांड्यात धावली. गिरजाबाईंसाठी ठेवलेलं, न लिहिलेल्या कापडाचं गाठोडं जिथल्या तिथे होतं.

संध्याकाळी देवाजीने सगळं ऐकून घेतलं आणि बूट सोडता सोडता म्हणाला, "मंग पुन्हा लिव ना. तुह्यं तुलेच तं माहीत हाये."

"तुमचा नकाशा हारपला तर तुमी आठवनीनं काढता का?"

"नकाशात नळ कुठी जाते थे ठरलं असते बाई. तुह्या कादंबरीत कोन कुठी जाते थे तुलेच सकाळी एक अन् दुपारी एक."

हे खरं होतं, म्हणून कांताला जास्त राग आला. अकराव्या प्रकरणातलं तिला एवढंच नक्की आठवत होतं की ते चांगलं होतं.

एकच आशा होती. नकाशाची काळी शाई खळीबरोबर निघून जाते, पण कांताची दौत निळ्या-काळ्या शाईची होती. ती कापडात मुरली की धोबी हरतो. शुक्रवारी सकाळी देवाजी कामावर गेल्याबरोबर ती रमाचं बोट धरून, खिशाच्या जागी पोलक्यात पेन्सिल खोचून, हातात चार फुलस्केप घेऊन, आपलं प्रकरण शोधायला निघाली.

गिरजाबाई घरी नव्हत्या. त्यांची सून रुक्मा बाळाला दूध पाजत होती. "आत्याबाई केरोसिनच्या रांगेत गेल्या. कपडा? थो तं वाटला त्यायनं. दोन तुकडे तुळसाबाईले, एक थ्या कमलिनीबाईले. दोन आमच्याकडं."

तुळसाबाईची दीड वर्षांची पोर अंगणात पळत होती आणि तिच्या पाठीवर फिकट निळ्या अक्षरात सुलोचनाचा भूतकाळ पळत होता.

"लय मस्त कपडा दिला वं!" तुळसाबाई म्हणाली. "छापाचाच हाये, मी म्हटलं. डिझाईन नवी हाये."

"तुळसाताई, तिले एक मिनिट पकडता का? मले वाचाचं हाये."

"पोरीले?"

मुरमुऱ्यांची वाटी पुढे ठेवली तेव्हा पोर थांबली. कांता तिच्यामागे उकिडवी बसून उतरवू लागली. 'आईने दिलेली ती निळी साडी तिने...' आणि पुढे शिवण होती. दोन ओळी काखेत गेल्या होत्या. कांताने पोरीचा हात वर केला, पोरीला गुदगुल्या झाल्या, आणि सुलोचनाच्या आईचं आजारपण खिदळत पुन्हा अंगणभर धावलं. घेरावरचा मजकूर उलटा होता. तो वाचायला कांताने रस्त्यातच मान वाकडी करून खाली डोकं घातलं, तेव्हा सायकलवरून चाललेले दोन फिटर थांबून बघू लागले.

"काय झालं हो ताई?"

"काही नाही," तुळसाबाई म्हणाली, "मास्तरीन हाये थे. तपासून राहिली."

कमलिनीबाईंचा क्वार्टर पुढच्या गल्लीत होता, मोठा, समोर कुंपण असलेला. नवरा अधिकारी. कांता फाटकाशी थांबली. भिलाईत जुनं असं कुणीच नव्हतं, त्यामुळे कुणी कुणाच्या घरात कुठवर यायचं हे अजून ठरायचं होतं. कमलिनीबाईंनी तिला बघितलं आणि फाटकापर्यंत धावत आल्या.

"तुम्हीच ना त्या? गिरजाबाई म्हणाल्या, कापड तुमच्याकडचं. आत या, आधी आत या! पुढे काय होतं हो तिचं?"

त्यांनी कांताला थेट स्वयंपाकघरात नेलं. खुंटीला चक्क्याचं गाठोडं टांगलं होतं आणि सुलोचनाच्या अश्रूंचा अख्खा परिच्छेद खालच्या पातेल्यात टपटप गळत होता.

"मी दही बांधायला घेतलं आणि वाचतच बसले," कमलिनीबाई म्हणाल्या. "भाजी करपली. 'तिने दाराकडे पाहिलं आणि' एवढ्यावरच संपलंय. आणि काय? तो येतो का?"

"कोण?"

"कुणीही! इतका वेळ ती बाई एकटी बसलीये, कुणीतरी यायला नको?"

कांताने गाठोड्याभोवती फिरत फिरत उतरवून घेतलं. मध्यावर दह्याने फुगवटा आला होता, तिथली अक्षरं चांगली मोठी झाली होती. आजवर तिचं लिखाण देवाजीशिवाय कुणी वाचलं नव्हतं, आणि देवाजी फक्त समास सरळ आहे का ते बघायचा. इथे एका बाईची भाजी करपली होती. कांताला एवढा आनंद झाला की निघताना पेन्सिल तिथेच राहिली आणि कमलिनीबाईंना ती घेऊन पुन्हा फाटकापर्यंत धावावं लागलं.

आता राहिले दोन. चौथा गिरजाबाईंच्या नातवाच्या अंगावर होता आणि पाचव्यात शेवट होता.

इथे कांताची पावलं जरा जड झाली. कारण कादंबरीत एक म्हातारी होती, सखुबाई. ती कुठून सुचली हे कांताने कुणालाच सांगितलं नव्हतं. नळावर गिरजाबाई बोलायला लागल्या की एखादं वाक्य असं यायचं की कांताचा हात शिवशिवायचा. "दूध उतू जाते वं!" म्हणून ती घरात पळायची, वाक्य टिपायची आणि काही झालंच नाही अशा तोंडाने परत यायची. दिवसातून सात-आठदा. "या पोरीच्या म्हशीले काय चारतेत कोनाले मालूम," गिरजाबाई म्हणायच्या. हेही कांताने टिपलं होतं.

गिरजाबाईंना वाचता येत नाही, ही कांताची मोठी सोय होती. तसं ती स्वतःच त्यांना शिकवत होती. सेक्टरात अजून झाडं मोठी व्हायची होती, म्हणून बायकांचा वर्ग संध्याकाळी पाण्याच्या टाकीच्या सावलीत भरायचा आणि सावली सरकेल तशा पाट्या सरकायच्या. पण गिरजाबाईंची गाडी चार महिने 'कमळ' आणि 'बदक' यांच्यामध्येच अडकली होती.

गिरजाबाई आल्या होत्या. वरांड्यात शेगडीवर मोठं पातेलं खदखदत होतं आणि त्या काठीने ते ढवळत होत्या. नातू बाजूला बाजेवर पडला होता. चौथा तुकडा त्याच्या पोटावर होता, थोडा ओला, पण वाचता येत होता. सखुबाईला ताप भरतो, सुलोचना तिच्या उशाशी बसते. कांताने भराभर उतरवून घेतलं. मग शक्य तितक्या सहज विचारलं :

"अन् पाचवा तुकडा, मावशी?"

"हा काय, उकळून राहिला." गिरजाबाईंनी काठीवर कापड उचललं. वाफेतून पांढरंशुभ्र कापड वर आलं. अक्षर नाही, डाग नाही, बगळ्यासारखं स्वच्छ.

"मावशी! हे... हे काय केलं?"

"सोडा टाकला. दोनदा. मंग निंबू चोळलं. मंग पुन्हा सोडा."

"पन इतकं कावून? बाकीचे तं तसेच ठेवले तुमी!"

"बाकीच्याइवर डाग नव्हता."

"कोन्ता डाग?"

गिरजाबाईंनी काठी पातेल्यावर आडवी ठेवली, पदराला हात पुसले आणि कांताकडे वळल्या.

"थ्यात एक म्हातारी मेली होती."

शेगडीतला एक कोळसा तडकला. रमा बाळाच्या पायाशी खेळायची थांबली.

"'स-खु-बा-ई-नं डो-ळे मि-ट-ले,'" गिरजाबाई एकेक अक्षर बोटावर मोजत म्हणाल्या. "दोन दिस लागले मले. रुक्मा झोपली की कंदिलापाशी घिवून बसो. चार महिने कमळ, बदक, कमळ, बदक. जिंदगीत पहिलं वाक्य सबन वाचलं कांता, तं थ्यात मीच मेली!"

"ती तुमी कशा, मावशी? ती तं सखुबाई..."

"चंची माही, खोकला माहा, 'मी काय म्हंतो' माह्यं. फक्त डोये तेवढे तू मिटवले." त्यांचा आवाज चढला. "अन् तुह्यं दूध कावून उतू जाते, थे बी आता समजलं मले!"

कांताने हातातले कागद पाठीमागे घेतले. "चुकलं मावशी. तुमच्यासारखं बोलनं मले सुचत नाई, म्हनून तुमचंच घेतलं. सारं काढून टाकतो."

"काढाले कोन म्हनते?" गिरजाबाई दचकल्या. "राहू दे ना! चांगलं लिवलं हाये. चंची बी राहू दे. फक्त मारू नोको. मले मारलं कावून थे सांग."

कांताने खरं ते सांगितलं. "शेवटी कुनीतरी मरा लागते, मावशी. नाहीतर वाचनाऱ्याले संपल्यासारखं वाटत नाई."

"आन् तुले मीच दिसली?"

"सुलोचनाले मारलं तं मंग रडाले कोनी उरत नाई."

गिरजाबाईंनी चंची काढली, तंबाखू मळली, आणि बराच वेळ विचार केला. टाकीखालच्या वर्गात त्यांनी एवढा विचार कधी केला नव्हता.

"मी काय म्हंतो, थ्या पोरीची बिमारीच हे हाये की तिच्याघरी कोनी जात नाई. दुपारभर एकटी. भांडं वाजत नाई, पोट्टं रडत नाई. रडन नाई तं काय करन? माहा ताप उतरव. मले तिच्याघरी पाठव. बाकी मी पाहून घेतो."

आणि कांताला एकदम दिसलं. दार वाजतं. सुलोचना दाराकडे बघते आणि... तापातून उठलेली सखुबाई, हातात काठी, "काय वं, जित्ती हायेस का?" म्हणत आत येते आणि त्या रिकाम्या खोलीत पहिल्यांदा आवाज होतो. कमलिनीबाईंना हवं होतं ते कुणीतरी हेच.

"मावशी, थांबा, दूध..." तिच्या तोंडून सवयीने निघालं.

"हे घे," गिरजाबाई म्हणाल्या आणि काठीवरचं कापड पिळून उन्हात झटकलं. "इथीच लिव. माह्यासमोर. मी आता वाचतो, ध्यानात ठेव."

कापड वाळायला उन्हात अर्धा तासही लागला नाही. रुक्माने चहा ठेवला, रमाने पळत जाऊन घरून दौत आणि पेन आणलं. कांता वरांड्याच्या पायरीवर लिहू लागली आणि लिहिलेलं मोठ्याने वाचू लागली. गिरजाबाई मधूनमधून सुधारत होत्या. "मी असं नाई म्हननार. मी म्हनीन, 'चूल पेटव आंधी, मंग तुह्यं दुःख सांग.'" कांता तसं लिहायची. खळ गेलेल्या कापडावर शाई पसरत होती, अक्षरं लठ्ठ होत होती, पण शेवट येत होता. उद्याच्या टपालाने बाड जाणार होतं. देवाजी आज रात्री समास आखून देणार होता.

रमा आईच्या मांडीला टेकून इतका वेळ ऐकत होती. बोटांवर काहीतरी मोजत होती.

"आई."

"हूं."

"गिरजाआजी गोष्टीत हाये."

"हाये."

"तुळसामावशीचा नळावरचा झगडा बी हाये. आपली बादलीची कडी बी हाये."

"हाये ना, राजा. थांब जरा."

"मंग मी कोन्त्या पानावर हावो?"

कांताचं पेन कापडावर टेकलं तसंच राहिलं आणि त्याच्याखाली निळा ठिपका मोठा होत गेला. गिरजाबाईही उत्तराची वाट बघत होत्या. दूध उतू जातंय म्हणून उठावं, तर शेगडीवर नुसतं सोड्याचं पाणी होतं.