बिनकडीची बाथरूम

"आता या घरात दोन वर्षांचं पोर फिरेल, नव्वदीची आजी फिरेल, आणि कुणाला कुणाचा हात धरावा लागणार नाही," नीळकंठ सबनीस भोपाळच्या आनंद नगरातल्या आपल्या फाटकापाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. आठवडाभर हेच चाललं होतं. दूधवाल्याचं तर तीनदा ऐकून झालं होतं.

नीळकंठराव कारखान्याच्या डिझाइन विभागातून निवृत्त झालेले. तीन पायऱ्या फोडून उतार करायचा, एवढ्यासाठी त्यांनी सव्वीस नकाशे काढले. पण त्याला कारणही तसंच होतं. त्यांची मेव्हणी, म्हणजे पत्नी शशिकलाबाईंची थोरली बहीण मंदाकिनी, उज्जैनला राहायची. एका अपघातानंतर गेली सहा वर्षं ती चाकांच्या खुर्चीत होती. मागे एकदाच भोपाळला आली. तेव्हा चार जणांनी तिला खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवल्या, बाथरूमच्या दारात खुर्ची अडकली, आणि दुसऱ्याच दिवशी ती परत गेली. जाताना एवढंच म्हणाली, "शशी, तुझ्या घरी मला सामानासारखं यायचं नाही."

त्यानंतर शशिकलाबाईच उज्जैनला जायच्या. ती काही आली नाही.

म्हणून अठरा फूट लांब उतार झाला. त्याच्याखाली शशिकलाबाईंचा मोगऱ्याचा अख्खा वाफा गेला आणि त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. दारं रुंद झाली, उंबरे गेले, दिव्यांची बटणं कमरेपर्यंत खाली आली. एक जादा चाकांची खुर्चीही आणून ठेवली, न जाणो, कुणाला लागली तर. पण नीळकंठरावांचा खरा जीव होता बाथरूमवर. भिंतींना धरायला दांडे, बसून आंघोळ करायला घडीची बैठक, आणि सरकतं दार. त्या दाराला आतून कडी नव्हती.

"अहो, कडी नाही म्हणजे?" शशिकलाबाईंनी विचारलं होतं.

"पडलेला माणूस कडी काढायला उठतो का? बाहेर पाटी लावायची, 'आत माणूस आहे'. झालं."

शिवाय बैठकीशेजारी एक लाल दोरी जमिनीपर्यंत सोडलेली होती. पडलेल्या माणसानं ती ओढली की समोरच्या चौबेजींच्या घरी घंटा वाजायची. चौबेजी आणि त्यांचे शेजारी विजयबाबू, दोघेही निवृत्त, दोघांनाही वेळच वेळ. नीळकंठरावांनी त्यांची रीतसर तालीम घेतली. एक घंटा झाली की धावत यायचं, दोन झाल्या की गाडी काढायची. माणसाला ब्लँकेटमध्ये गुंडाळायचं, जादा खुर्चीत बसवायचं, उतारावरून थेट गाडीपाशी. पहिल्या तालमीला चार मिनिटं लागली तेव्हा नीळकंठराव चिडले. आठव्या तालमीला दीड मिनिटावर आले.

"और एक बात," त्यांनी बजावलं, "अंदर से कोई बोले कि मैं ठीक हूँ, तो मानना नहीं. आदमी शरम के मारे झूठ बोलता है."

चौबेजींनी ते वहीत लिहून घेतलं.

शनिवार उजाडला. मंदाकिनीचा मुलगा चिन्मय तिला गाडीनं घेऊन येणार होता, अकराच्या सुमाराला. नीळकंठराव पहाटेपासून उतारावर चार वेळा पोछा मारून आले. शेवटी साडेनऊला शशिकलाबाईंनी त्यांना आंघोळीला पिटाळलं आणि त्या स्वयंपाकघरात मिक्सर लावून बसल्या.

बैठकीवर बसून, डोक्यापासून पायापर्यंत साबण लावून नीळकंठराव मजेत गुणगुणत होते. तेवढ्यात साबण डोळ्यांत गेला. त्यांनी टॉवेलसाठी हात लांब केला. टॉवेलचा दांडा आता बसल्या माणसासाठी खाली आणलाय, हे त्यांच्या नकाशात होतं, हाताला माहीत नव्हतं. हाताला दोरी लागली. टॉवेलचा काठ समजून त्यांनी ती ओढली. टॉवेल येईना. मग त्यांनी जोर लावून पुन्हा ओढली.

दोन घंटा.

समोरच्या घरात खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला तेव्हा काय झालंय ते नीळकंठरावांच्या लक्षात आलं. ते बसल्या जागेवरून ओरडले, "चौबेजी, कुछ नहीं हुआ! मैं बिलकुल ठीक हूँ!"

"सुना?" बाहेरून चौबेजींचा गंभीर आवाज आला. "कह रहे हैं ठीक हूँ."

"मतलब मामला सीरियस है," विजयबाबू म्हणाले.

दार लोण्यासारखं सरकलं. पुढचं सगळं नीळकंठरावांना धड दिसलं नाही, डोळे मिटलेले होते. ते हातपाय झाडत होते, त्याला विजयबाबू "झटके आ रहे हैं" म्हणाले. भर एप्रिलमध्ये त्यांच्याभोवती सोलापुरी ब्लँकेट आवळलं गेलं, ते खुर्चीत बसवले गेले आणि खुर्ची निघाली. वाटेत कुठे उंबरा लागला नाही, कुठल्या दारात चाक घासलं नाही. हे त्याही अवस्थेत त्यांच्या मनात नोंदलं गेलं.

शशिकलाबाई मिक्सर बंद करून बाहेर आल्या तो समोरून हे येताहेत. तोंडावर पांढरा फेस.

"शशी, साबण आहे हा, साबण!"

"तुम्ही बोलू नका, दम लागेल," म्हणत त्या चपला न घालताच मागे धावल्या.

उतार फार सुरेख झाला होता. खुर्ची संथपणे खाली आली. आणि ती फाटकाशी पोचते न पोचते तोच समोर एक गाडी येऊन थांबली. चिन्मय सकाळी लवकर निघाला होता.

पुढच्या काचेतून मंदाकिनीनं पाहिलं. मेव्हणे ब्लँकेटमध्ये, मागे दोन घामाघूम गृहस्थ, त्यांच्यामागे अनवाणी रडणारी बहीण. बाई तीस वर्षं मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. तिनं काच खाली केली.

"रुकिए. इनको सूँघिए."

चौबेजींनी वाकून वास घेतला. "चंदन का है," ते हळूच म्हणाले.

"नीळकंठराव, आंघोळ करत होतात?"

"हो, ताई."

"मग अर्धवट का सोडलीत?"

चौबेजींनी एक पाऊल मागे घेतलं. विजयबाबूंनी घड्याळ पाहिलं आणि तरीही सांगून टाकलं, "एक मिनट दस सेकंड. रिकॉर्ड है, साहब."

चिन्मयनं आईची खुर्ची उतरवून उघडली. मंदाकिनी तिच्यात बसली. चौबेजी सवयीनं मदतीला पुढे झाले, तिनं हातानंच थांबवलं आणि उताराकडे पाहिलं. मग स्वतःच चाकं फिरवायला लागली. अर्ध्यावर जरा थांबली, श्वास घेतला, पुन्हा निघाली. वर पोचल्यावर तिनं मागे वळून पाहिलं. शशिकलाबाईंचं रडणं थांबलं होतं, ते आता दुसऱ्या कारणानं सुरू झालं.

"आतली खोली कुठली माझी? नको, सांगू नकोस, मी बघते," म्हणत ती घरात शिरली. आतून बराच वेळ दिव्यांची बटणं चालूबंद झाल्याचे आवाज येत राहिले.

नीळकंठराव ब्लँकेट सांभाळत बाथरूमपाशी आले. साबण वाळून कातडी पापडासारखी ताणली होती, पण छाती फुगली होती. त्यांनी दाराला हात घातला. बाहेर पाटी लागलेली होती.

ते थांबले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आत पाणी पडत होतं. उज्जैनहून चार तासांचा प्रवास करून आलेलं माणूस, घाई करा असं म्हणणार तरी कसं?

शेवटी आतून मोकळ्या आवाजात हाक आली, "शशी, कुणाची मदत लागत नाहीये गं इथे. मी केसही धुऊन घेते."

शशिकलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि मागच्या अंगणातल्या नळाकडे बोट दाखवलं.