देवरे काकांचा फुकटचा रविवार

देवरे काकांनी मला नाशकात टिकवलं, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढं मी त्यांच्याबद्दल जे सांगणार आहे ते ऐकून तुम्हाला वाटेल, या माणसाजवळ उभंसुद्धा राहू नये. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

काका एसटीत कंडक्टर होते. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण माणसाकडं बघायची नजर अजून तीच, याच्याकडं तिकीट नाही अशी. इंदिरानगरात बोगद्याजवळ तळमजल्याला दोन खोल्या, तिथं एकटे राहतात. दार वाजवलं की साखळी न काढता फटीतून बघतात.

"कोण?"

"मी, संतोष."

"एकटाच?"

"एकटाच."

मग मान वाकडी करून माझ्या मागं कोणी आहे का ते बघतात आणि साखळी काढतात. हे दर रविवारी.

त्यांचा छंद एकच. शनिवार-रविवारी शहरात जे जे फुकट असेल तिथं जायचं आणि ते फुकट का आहे हे शोधून काढायचं. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक गाडीला तिकीट असतं. "चढताना फाडलं नाय ना, तर उतरताना फाडतील. मधी कुठंतरी फाडतील. आपण फक्त बघत राहायचं." व्याख्यान असो, भजन असो, पुस्तकांचं प्रदर्शन असो, काका शेवटच्या रांगेत दाराजवळची खुर्ची धरणार, पिशवी मांडीवर घेणार आणि माझ्या कानाशी येऊन विचारणार, "कुठं फाडतील, सांग बरं?"

मी वाशीमकडचा. शाळा आठवीत सुटली. बायको आणि दोन पोरं तिकडंच आहेत. गावच्याच एकानं सांगितलं होतं, नाशकात अंबडला कंपनीत लावून देतो, ये. आलो, तर त्याचा फोन बंद. बॅग घेऊन इंदिरानगरातल्या एका बागेत बसलो होतो. समोर हास्यक्लब चालला होता. बरीच माणसं हात वर करून जोरजोरात हसत होती आणि त्यांच्या मधोमध एक म्हातारा गंभीर चेहऱ्यानं उभा राहून एकेकाकडं बघत होता. हसणं आटोपल्यावर तो सरळ माझ्याकडं आला.

"कुठून?"

"वाशीम."

"कोणाकडं?"

"कोणाकडंच नाही."

"मग बॅग कोणाची?"

माझी पुरती चौकशी झाली. आधार कार्ड उलटसुलट करून बघितलं, फोटोवरनं माझ्याकडं आणि माझ्यावरनं फोटोकडं नजर फिरवली. मग म्हणाले, "चल." कंपन्यांना डबे पुरवणारा एक कॅन्टीनवाला त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्यासमोर मला उभं केलं. तो बिचारा म्हणाला, उद्यापासून येऊ दे. बाहेर आल्यावर काका माझा दंड धरून हळूच म्हणाले, "इतक्या लवकर हो म्हणाला. जपून राहा." राहायला खोलीही त्यांनीच बघून दिली. खोलीच्या मालकाला त्यांनी इतके प्रश्न विचारले, की शेवटी तोच मला म्हणाला, "भाऊ, तू ये, पण यांना परत आणू नको."

तेव्हापासून रविवार काकांचा. सकाळी आठला त्यांचा फोन. "आवरलं का, संतोषराव?"

एकदा फुकट योगवर्गाला नेलं. शिकवणाऱ्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, डोळे मिटा. सगळ्यांनी मिटले. माझ्या पोटरीला चिमटा बसला. "मिटू नको. सगळ्यांच्या चपला बाहेर हायेत." पुढं बाई म्हणाल्या, आता हळूहळू सगळं सोडून द्या. काकांनी पिशवी आणखी घट्ट धरली. वर्ग संपल्यावर बाईंनी महिन्याच्या वर्गाचा कागद वाटायला घेतला, तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो योगानं कोणाला येत नसेल. "फाडलं बघ!"

बिल्डरांचे नमुना फ्लॅट बघणं हा त्यांचा आवडता कार्यक्रम. घ्यायला गाडी येते, चहा आणि खारी मिळते. मला म्हणायचे, "तू पुतण्या. जास्त बोलू नको, तुझं वऱ्हाडी कळतं." आत गेल्यावर भिंती ठोकणार, पलंगाखाली वाकून बघणार. स्वयंपाकघरातला नळ सोडला, पाणी आलं नाही. टीव्ही उचलला तर एका हातात उचलला गेला, पुठ्ठ्याचा होता. फ्लॅट दाखवणारी मुलगी "सर, सर" करत मागं धावतेय आणि काका टीव्ही काखेत धरून सगळ्यांना दाखवतायत. तो रविवार त्यांना आठवडाभर पुरला.

मात्र पुरावा मिळाला नाही की ते खचतात. पावसाळ्यात एका मंडळानं टेकडीवर झाडं लावायला बोलावलं होतं. काका म्हणाले, फोटो काढतील आणि रोपं मरू देतील. चार रविवार गेल्यावर आम्ही ते बघायला मुद्दाम टेकडी चढलो. सगळी रोपं हिरवीगार. कोणीतरी आळीसुद्धा केली होती. काकांनी एक रोप हलवून बघितलं आणि तिथंच मटकन खाली बसले.

आणि मी? मी त्यांच्याच पायांनी चालायला लागलो होतो. ज्या गाडीत मी बसलोय तिचं तिकीट कुठं आहे, हा विचार मला सोडत नव्हता. या माणसानं मला काम दिलं, खोली दिली, दर रविवारी बरोबर नेतो. का? मी त्याचा कोण?

फोनवर बायकोनं हेच विचारलं. "थो म्हातारा तुमाले काऊन नेते? त्याले लग्नाची पोरगी हाय काय?"

"माझं लग्न झालंय हे त्याले माहीत हाय."

"कोनं सांगतलं? तुमी?"

कॅन्टीनमधला सुनील तर पुढं गेला. "कुठं कुठं नेतो तुला?"

"कुठंही. पण जास्त करून ती मोफत तपासणीची शिबिरं असतात ना, तिकडं."

सुनीलनं हातातली कणीक परातीत ठेवली. "किडनी सांभाळ."

हसण्यावारी न्यायचं ठरवलं, पण नेता येईना. कारण शिबिरात काका वेगळेच वागायचे. बाकी सगळीकडं "कुठं फाडतील" चालायचं, शिबिरात कधी नाही. काही शिबिरांत तर दारातूनच आत डोकावून मागं फिरायचे. "इथं नको. मशीन खराब हाय." दारातून मशीन खराब कळतं?

जिथं आत जायचे तिथं रांगेचा खेळ. टेबलं दोन, रांग एक. रांगेतला पहिला डाव्या टेबलाला, दुसरा उजव्या, असं सोडत जायचे. काका बोट नाचवत पुढची मुंडकी मोजायचे, गाडीत मोजत असतील तशी. मग मला म्हणायचे, "तू हो पुढं." थोड्या वेळानं पुढचा कोणी कंटाळून निघून गेला की, "नाय नाय, तू मागं ये." रांगेतली माणसं चिडायची. "ओ काका, फुगडी घालताय का?"

"तुमाला काय त्रास? आम्ही आमच्यात बदलतोय."

शेवटी व्हायचं एकच. मी जायचो एका मिशीवाल्या पोराच्या टेबलाला आणि काका दुसऱ्या. तिथं कायम एकच सिस्टर असायच्या, पस्तिशीतल्या, चष्म्याच्या. काका बाही वर करून हात पुढं ठेवायचे आणि भिंतीकडं बघत बसायचे. सिस्टर रक्तदाबाचा पट्टा गुंडाळायच्या, फुगवायच्या, आकडा लिहायच्या. दोघं एकमेकांशी अक्षर बोलायचे नाहीत.

हे सुनीलला सांगितलं. तो म्हणाला, "झालं तर. तुला एका टेबलावर सोडतो, स्वतः दुसऱ्या. भाव तिकडं ठरतो."

ती रात्र माझी फार वाईट गेली. गावी परत जावं, असं ठरलंच होतं. पण जायच्या आधी काय ते समजून घ्यायचं होतं, नाहीतर मी आयुष्यभर त्यांना चोर समजलो असतो.

पुढच्या रविवारी सिडकोतल्या एका शाळेत शिबिर होतं. काकांनी मुंडकी मोजली. "तू हो पुढं."

"आज नाही, काका."

"आँ?"

"मी आहे तिथंच राहणार."

काकांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी भर गाडीत त्यांची घंटीची दोरी कापली. मागून माणसं ढकलत होती. "संतोष, ऐक ना रे," ते म्हणाले. 'रे' त्यांनी मला आधी कधी म्हटलं नव्हतं. पण तोवर त्यांचा नंबर आला आणि ते मिशीवाल्या पोरापुढं बसले. मी सिस्टरांपुढं.

सिस्टरांनी पट्टा बांधला. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुम्ही नेहमी यांच्याबरोबर असता ना?"

"हो."

"रात्रीची गोळी घेतात?"

"कोण?"

"ते."

"मला नाही माहीत."

"विचारत जा. पहिल्यापासून सकाळची घेतात, रात्रीची विसरतात. स्वयंपाक कोण करतं?"

"स्वतःच. तुम्ही ओळखता त्यांना?"

त्यांनी फुगा दाबला. "माझे वडील आहेत."

शेजारच्या टेबलावर ते पोर तिसऱ्यांदा म्हणत होतं, "आजोबा, हात सैल सोडा. इकडं बघा, तिकडं काय बघताय?"

सिस्टर हळू आवाजात बोलत राहिल्या, आकडा लिहिता लिहिता. "मी लग्न ठरवलं तेव्हा त्यांनी मुलाची चौकशी केली. ऑफिसात, त्याच्या गावात, त्याच्या शाळेतसुद्धा. चांगला निघाला. तर म्हणाले, एवढा चांगला कसा? लग्नानंतरही थांबले नाहीत. सासऱ्यांच्या मित्रांना जाऊन विचारून आले. घरात तमाशा झाला. शेवटी मीच सांगितलं, माझ्या घरी येऊ नका."

"मग?"

"मग काय, आले नाहीत कधी. शिबिराचं मी काही म्हटलं नव्हतं." त्या किंचित हसल्या आणि पट्टा सोडवला. "तुमचं नॉर्मल आहे. पुढच्या रविवारी आम्ही पाथर्डी फाट्याला आहोत, समाजमंदिरात. अजून बोर्ड लागलेला नाही. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

बाहेर आलो. काका पायरीवर बसले होते, बाही अजून वरच. "जास्त दाखवलं. मशीन खराब हाय त्याचं," म्हणाले. मी शेजारी बसलो. ज्या माणसाला मी किडनीचा दलाल समजत होतो त्याला माझ्याकडून एवढंच हवं होतं, की रांगेत एक पाऊल पुढं हो नाहीतर एक पाऊल मागं.

"काका, पुढच्या रविवारी पाथर्डी फाट्याला शिबिर आहे. समाजमंदिरात."

त्यांची मान गर्रकन वळली. "तुला कसं माहीत?"

"बोर्ड बघितला."

"कुठं?"

"फाट्यावर."

"फाट्यावर मी काल जाऊन आलो. बोर्ड नाय."

मी वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागलो. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग शाळेच्या दाराकडं, मग परत माझ्याकडं. आता चौकशी सुरू होणार, आधार कार्डापासून, असं वाटलं. एका नमुना फ्लॅटच्या नळासाठी या माणसानं अर्धा तास वाद घातलेला मी बघितला होता.

काकांनी बाही खाली केली, बटण लावलं.

"असंल," म्हणाले. "नजरेतनं सुटला असंल माझ्या."

आणि उठून चालायला लागले. पुढं एक अक्षर विचारलं नाही.

तेव्हापासून रांगेत ते सांगतील तसा मी मागंपुढं होतो. रात्री जेवणं उरकली की फोन करून गोळीचं विचारतो. "तुला कोणी सांगितलं विचारायला?" म्हणतात आणि घेतात. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग लेकीनं बापाले बोलवा ना घरी." पण ते माझ्या हातात नाही.

माझ्या हातात आहे ते सांगतो. काकांनी मला या शहरात उभं केलं, त्याची परतफेड करायला माझ्याकडं दुसरं काही नाही. ज्या दिवशी सिस्टर "या" म्हणतील, त्या दिवशी मी काकांना लेकीच्या दारापर्यंत घेऊन जाईन. ते जिन्यात थांबतील, म्हणतील, "एकदम कसं बोलावलं? काहीतरी हाय." मागं फिरायलाही बघतील. मी त्यांचा दंड धरून ठेवीन, आणि बेल मी वाजवीन.