नववीचा हजामतीचा तास

मुलांना पुस्तकाबरोबर हाताचं काम कसं शिकवावं, हे मालवणच्या साऱ्या किनारपट्टीत एकट्या मला कळत होतं! छप्पन्न साली आमच्या हायस्कुलात हस्तव्यवसायाचा तास सुरू झाला. बाकीचे मास्तर पोरांच्या हातात टकळी देऊन मोकळे झाले. मी गणिताचा मास्तर. म्हटलं, मॅट्रिक होऊन ही पोरं मुंबईला जाणार, तिथे काय सूत कातत बसणार? माझ्या नववीला मी केस कापायला शिकवणार!

शाळा कमिटीचे अध्यक्ष भाई तणतणत आले.

"मास्तरानू, झिलाक शिकूक धाडलंय की हजामती करूक?"

"भाई, तुमच्या महादूला सगळी प्रमेयं पाठ आहेत, पण साधी पेन्सिल तासता येत नाही!"

"मगे? मॅट्रिक झाल्यार तो फाउंटन पेन वापरतलो!"

आता या माणसाशी काय बोलायचं?

मी तास घेतलाच. आधी लुईस बाकावर बसला आणि महादूने कातर चालवली. डावीकडचे केस जरा जास्तच गेले.

"मास्तर, उजवीकडून वजा करू?"

"कर!"

मग उजवीकडचे जास्त गेले. समीकरण काही सुटेना! तोवर बाकीच्यांनीही एकमेकांची डोकी धरली होती. बघता बघता माझी नववी उंदरांनी कुरतडलेल्या सुंभासारखी दिसू लागली. शेवटी बाबली न्हाव्याला बोलावून सगळ्यांचा गोटा करून घेतला, आणि शाळा सुटल्यावर सोललेल्या नारळांची ती रास बाजारातून घराकडे निघाली.

मी मागे राहून वर्गातले केस झाडत होतो. (तेही मीच!) बाजारात काय झालं ते मला नंतर कळलं.

"अरे, कोणाचो बापूस गेलो?"

"एकदम सगळ्यांचे कशे जातले?"

"आणि तो लुईस? ख्रिस्तावाच्या झिलानपण गोटो केल्यान!"

"मगे बापूस न्हय. मास्तर गेलो!"

पोरांना विचारावं, तर ती शरमेने मान खाली घालून पळत सुटली. लोकांना ते दुःख वाटलं!

घरी आलो तर अंगणात ही गर्दी! माझी बायको आनंदी ओटीवर हमसून हमसून रडतेय, आणि भाई खांब धरून भाषण करतायत.

"मास्तर माणूस बरो होतो. पण भूगोल तेचो कच्चो!"

अहो, मी भूगोल शिकवतच नाही! "मी जिवंत आहे!" मी मागून ओरडलो. बायका किंचाळल्या. एक म्हातारी तर तुळशीआड जाऊन लपली.

भाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जिवंत आसास? बरा झाला. पण तो तास आता बंद."

"का म्हणून?"

"सगळी कमिटी हयच होती. तुमच्या दुखवट्यात तो तास कायमचो बंद करूचो, असो ठराव झालो. आता तुमी जिवंत आसास म्हणान ठराव बदलूचो नाय!"

"माझ्याच अंगणात, माझ्याच तासावर ठराव! याला अनुमोदन दिलं कोणी?"

आनंदीने पदराने डोळे पुसले.

"मियां दिलंय," ती म्हणाली. "माका वाटला, तुमच्या आत्म्याक तेवढीच शांती मिळात!"