श्रीनिवासरावांचे मरण आणि पार्किंग

खऱ्या प्रेमाचा शेवट मृत्यूतच होतो, याबद्दल जगात कुठेही दुमत नाही. पुण्यात तो पार्किंगमध्ये होतो, एवढाच स्थानिक फरक.

श्रीनिवासराव हे कसबा पेठेतले हौशी नट. २००१ साली बँकेने स्वेच्छानिवृत्ती आणली तेव्हा त्यांनी ती तत्काळ घेतली, कारण त्यांना पूर्ण वेळ मरायचे होते. वय त्रेपन्न, नाटकातले वय चोवीस. (मेकअपवाला सांभाळून घेई.) वैऱ्याच्या घरातल्या प्रेयसीसाठी ते शेवटच्या प्रवेशात विष पीत आणि अकरा मिनिटे मरत. त्यातली चार मिनिटे नुसती घशाची होती; ती बसवायला त्यांना दोन वर्षे लागली.

अडचण एकच. नायकाने विषाची कुपी काढली, की प्रेक्षागृहात चपला शोधायची खुसफूस सुरू होई. पुणेकर निर्दय नसतो, व्यवहारी असतो. दोघे मरणार हे तिकीट काढतानाच ठाऊक असते. मग त्यासाठी थांबून साडेतीनशे दुचाक्यांत आपली स्कूटर कशाला अडकवून घ्यायची? नायिकेलाही घाई असे. तेजस्विनी आयटीत होती आणि आठ वाजता तिचा अमेरिकेशी कॉल असे. ती चाळीस सेकंदांत मरून विंगेतून थेट कंपनीच्या गाडीत बसे. (प्रेत चालत गेल्याची तक्रार आजवर आलेली नाही, पाहायला कोणी नव्हते.)

नाट्यमंडळाचे अध्यक्ष रावसाहेब यांनी प्रश्न उपसमितीकडे सोपवला. उपसमितीने मरण मध्यंतराच्या आधी आणले. लोक बटाटेवड्याच्या रांगेसाठी उठले. मग ते पहिल्याच प्रवेशात घेतले; लोक अजून यायचे होते. शेवटी मरण मूळ जागी नेऊन, ‘नायक पूर्ण मरेपर्यंत कोणीही जागा सोडू नये’ अशी पाटी लावण्यात आली. ती मात्र लोकांनी थांबून दोनदा वाचली आणि तिच्या उंचीबाबत लेखी सूचना दिल्या.

“निदान तू तरी बघतेस,” श्रीनिवासराव बायकोला म्हणाले.

“मी?” उल्काताई म्हणाल्या. “अहो, तुम्ही कुपी काढलीत की मी स्कूटरपाशी. नाहीतर कोणीतरी आडवी गाडी लावून जातं.”

चाळीस प्रयोग झाले होते. श्रीनिवासरावांना फार वाईट वाटले.

एक्केचाळिसाव्या प्रयोगाला त्या दुःखात ते तेरा मिनिटे मेले. डोळे उघडले, तर रिकाम्या प्रेक्षागृहात पहिल्या रांगेत झाडू घेऊन कोंडीराम बसलेला. हा वाशिमकडचा, नाट्यगृहाचा सफाई कामगार.

“झालं काय जी मरून?” त्याने विचारले. “आज लय चांगले मेले. मागच्या खेपेला घशात घाई केली होती तुम्ही.”

“तू दर वेळी बघतोस?”

“बघतो ना जी. तुम्ही उठल्याशिवाय झाडता येत नाही.”

श्रीनिवासरावांचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून ते फक्त कोंडीरामसाठी मरू लागले. मंडळाच्या वार्षिक अहवालातही तशी नोंद आहे: प्रेक्षक एक, प्रतिसाद उत्तम.

या गोष्टीचा शेवट काय, हे आपण केव्हाच ओळखले असेल. सुज्ञ वाचक तर एव्हाना स्कूटरपाशी पोचलेही असतील. जे कोणी मागे राहिले असतील, त्यांनी आता उठावे. कोंडीरामला झाडायचे आहे.